सतरा नंबरचा ठिपका

४ जानेवारी २०१०, सोमवार

बर्फाची फॅक्टरी दरवर्षी डायऱ्या वाटते. फक्त पुरुषांना. ते त्यांची पानं फाडून भजी खातात. यंदा मी हात पुढे केला आणि मागे घेतलाच नाही. मॅनेजर म्हणाला, बाई, तुम्हाला लिहिता येतं का. मी म्हटलं, चौथी पास आहे, तुझ्या लाद्या कशा वितळलेल्या येतात ते पहिल्या पानावर लिहीन. दिली.

आज सोमवार, म्हणजे गिऱ्हाईक शिवराक, माशाला शिवत नाही. मासे विकणारणीने घरी बसायचं. बसून नियम ठरवले. यात खरं तेच लिहायचं. थोडक्यात लिहायचं. शिव्या लिहायच्या नाहीत, नुसतं नाव लिहायचं, पुढचं माझं मला कळेल. ह्यांचं नाव मी घेत नाही, म्हणून लिहिणारही नाही.

६ जानेवारी, सकाळी ९

नानांच्या रापणीला आज बांगडा लागला. रापण म्हणजे पंचवीस माणसं दोरी धरून समुद्रातलं जाळं किनाऱ्यावर ओढतात, आणि आम्ही बायका टोपल्या घेऊन उभ्या राहतो. जितक्या बायका तितका भाव वर. म्हणून मी पहाटेच वाडीभर ओरडून आले, आज हय काय नाय, सर्जेकोटाक जावा. हे खोटं नाही, हा धंदा आहे. सगळ्याच करतात. मी जरा मोठ्याने करते.

किनाऱ्यावर पोचते तर पलीकडच्या रुक्मिणीसकट अख्खी वाडी माझ्याआधी हजर. यांना कळतं कुठून? वास येतो की काय.

एकटी तुळसा सर्जेकोटला गेली. शेजारीण. भोळी. तीस वर्षं मी सांगते तिकडे जाते. दया येते, पण माणसाने स्वतः शिकायला नको?

संध्याकाळी तिच्या टोपलीत दोन मोठ्या सुरमया दिसल्या. नशिबाने मिळाल्या असतील.

९ जानेवारी

पुण्याहून एक मुलगी आली आहे. वर्षाली. जाड बूट, खांद्याला कंप्युटर. फयान वादळाच्या दिवशी बातमी वाडीत कोणाकडून कोणाकडे गेली, ते लिहून घेते. म्हणे यावर संशोधन आहे. मी म्हटलं, संशोधन कसलं त्यात, बातमी मी दिली. लिही आणि जा. ती बसली.

मग सगळं सांगितलं. नोव्हेंबरची अकरा तारीख. सकाळी सहाला गोव्याहून भाच्याचा, निकेतचा, फोन. तो ट्रॉलरवर असतो. म्हणाला, मावशे, हय बंदरार वादळाचो बावटो लावल्यानी, होडये परत बोलवा. ह्यांची होडी बाहेर. मी आधी ह्यांना मोबाईल लावला. मग तुळसाकडे धावले. तिच्या दारात तोंडातून नीट शब्द फुटेना. नुसतं पुटपुटल्यासारखं झालं. ती बघत राहिली. मग म्हटलं, हौसा, असं चालायचं नाही. घसा साफ केला आणि वाडीभर ओरडून सांगितलं, ह्यांना आणि तुळसाला धरून तेवीस जणांना. नाना दोरीवर होते. ते म्हणाले, आज बांगडो इतको आसा काय गो, की थेट वादळच आणलंस. नानांचा स्वभाव विनोदी आहे. अर्ध्या तासात रापण वर आणि अकराच्या अकरा होड्या आत. दुपारी समुद्र असा उठला की माड मुळासकट आडवे. आमच्या वाडीचा एकही माणूस गेला नाही.

हे माझं काम. सांगत नाही मी कुणाला. आज विचारलं म्हणून.

वर्षालीने विचारलं, तुम्ही सगळ्यांना लगेच सांगितलं, तर मग अर्धा तास का लागला? पोरगी शिकलेली आहे, हुशार नाही.

११ जानेवारी, सोमवार

वर्षाली परत आली. समजावून सांगते म्हणाली. तिचं म्हणणं असं की वाडी म्हणजे जाळं. प्रत्येक माणूस गाठ. बातमी गाठीगाठीने जाते, आणि एखादी गाठ अशी असते की ती ओढली की सगळं जाळं हलतं. कुठली ते वरून बघून कळत नाही. मोठ्या आवाजाचा माणूस म्हणजे मोठी गाठ असं नसतं.

मी म्हटलं, जाळ्याला शिसं लागतं, नाहीतर तरंगतं. तुझ्या जाळ्यात शिसं कुठेय? तिने ते लिहून घेतलं. कशाला कोण जाणे.

मग रिस्क. म्हणाली, पुढच्या अमुक वर्षांत असं वादळ यायची शक्यता शंभरात इतकी. मी म्हटलं, शंभर वेळा कोण समुद्रात जातो? माणूस जातो तेव्हा एकदाच जातो. ती म्हणाली, म्हणूनच बातमी वेळेवर पोचायला हवी. मी उठून चहा दिला.

१४ जानेवारी, संक्रांत

आज खरी गोष्ट कळली. वर्षालीची संस्था वाडीला एक फोन आणि माडावर लावायचा भोंगा देणार. वादळाचा निरोप त्या फोनवर येणार, आणि ज्याच्या घरी फोन त्याने भोंग्यातून वाडीला सांगायचं. कुणाच्या घरी ते सर्व्हेवरून ठरणार. जी मोठी गाठ निघेल तिच्याकडे.

म्हणजे ठरलंच.

तुळसाला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा सांगितलं. ती मिरच्यांची देठं काढत होती. म्हणाली, तुका इतको कित्या व्हयो गो तो भोंगो? मी म्हटलं, आपल्या घोवाची होडी बाहेर असताना ज्याला कळतं त्याने गप्प बसायचं काय? ती म्हणाली, नाय, गप बसू नये. आणि परत देठं. हिच्याशी बोलणं म्हणजे पाटावरवंट्याशी बोलणं.

१९ जानेवारी

फॉर्म भरून घेतले. एकेकाला वेगळं बसवून. नावं गुप्त राहणार, प्रत्येकाला नंबर. मी म्हटलं, माझं उघड लिही, मी कुणाला भीत नाही. नाही म्हणाली.

प्रश्न चार. वादळाचं तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही कोणाला सांगितलं? अडचणीत कोणाला विचारता, तीन नावं. आणि वाडीतल्या एकेका माणसाच्या दहा बातम्यांतल्या किती खऱ्या निघतात.

तीन नावांत मी पहिलं तुळसाचं घातलं. दुसरं पण तुळसाचं. तिसरं सुचेना, निकेत घातलं. दहापैकीला मी स्वतःला दहा दिले. तुळसाला सात, कारण ती बोलतच नाही फार, खरं निघणार कशातून. रुक्मिणीला एक, तोही संक्रांतीचा महिना म्हणून.

रुक्मिणी बाहेर येताना पदर तोंडाला लावून हसत होती. वर्षालीने विनोद केला असेल.

२५ जानेवारी

एक लिहायचं राहिलं होतं. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते.

आमच्या धंद्यात माशाबद्दल काय वाटेल ते बोलावं. पण वारा, पाणी आणि मरण यांबद्दल खोटं बोलायचं नाही. ही जुन्या बायकांची रीत. मी ती कधी मोडली नाही.

गेल्या गणपतीनंतर एकदा वाऱ्याचं बोलले होते, ते वेगळं. दक्षिणेकडून वारा येतोय म्हटलं, तशा सगळ्या होड्या थांबल्या, आणि ह्यांची एकटीच गेली, भरून आली. पण त्या दिवशी वारा येऊ शकला असता. ढग होता एक. मी नीट बघितला होता.

कुणाच्या लक्षातही नसेल आता.

३ फेब्रुवारी

नकाशा लागला. शाळेच्या भिंतीवर, चादरीएवढा. वाडीतल्या सगळ्यांचे ठिपके, ठिपक्यात नंबर, आणि ठिपक्यांमध्ये रेघा. ज्याचं नाव जास्त लोकांनी घेतलं त्याचा ठिपका मोठा. मधोमध नऊ नंबर. फणसाएवढा. बहुतेक रेघा त्यातून निघतात आणि त्यातच जातात. अगदी रापणीचं तोंड मिटताना मासा गोळा होतो तसं.

नऊ नंबर म्हणजे मी. वर्षाली काही बोलली नाही, पण हे साधं आहे. देवळापासून मोजत आलं की माझं घर नववं. आठवं येतं, पण गोठा धरायचा.

कडेला एक सतरा नंबर आहे. वाटाण्याएवढा, भिंतीच्या पोपड्याला टेकलेला. मी नानांना म्हटलं, हा बिचारा कोण असेल. नाना म्हणाले, आसतलो कोणतरी, तुका काय करूचा? मी म्हटलं, अशा माणसांकडे लक्ष द्यायला हवं. भोंगा आला की सतरा नंबरच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार. असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. लोक खाली बघायला लागले. मन भरून आलं असेल.

८ फेब्रुवारी, सोमवार

वायरमन बोलावला. ओट्यावर प्लग पॉइंट काढून घेतला, फोन चार्ज करायला. वर फळी ठोकली. भिंतीला चुना मारला.

संध्याकाळी परसात बोलायची प्रॅक्टिस. सावधान, वाडीतल्या समस्त मंडळींनो. समस्त म्हणताना श्वास कमी पडतो. जोरात म्हटलं तर जमतं. तिसऱ्या वेळी रुक्मिणीची कोंबडी अंडं टाकायची थांबली, असं रुक्मिणी म्हणते.

हे म्हणाले, आधी कोणाकडे देतत तां बघ तरी. मी म्हटलं, तुम्ही मला फॉर्ममध्ये कितवं लिहिलंत? हे जाळं शिवायला बसले. ते जाळं कालच शिवून झालेलं.

१२ फेब्रुवारी, महाशिवरात्र

धंदा बंद. रविवारी देवळात मीटिंग. नऊ नंबरला नाव सांगून विचारणार, जबाबदारी घ्याल का म्हणून.

नारळ आणला. चांगला पाणीदार. हिरवं लुगडं काढून ठेवलं.

तुळसा कुंपणापाशी आली होती. म्हणाली, हौसा, रयवारी तू मीटिंगीक नको जाव. माझ्या वांगडा बाजारात चल, थय पेडवे येतत. मी म्हटलं, रविवारी? माझ्या दिवशी? हिला सुद्धा जळायला यावं. तीस वर्षांत पहिल्यांदा हिने मला कुठेतरी चल म्हटलं, आणि तेही उठवून न्यायला.

१४ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १२

नऊ नंबर तुळसा.

दुपारी ४

मघाशी लिहिता आलं नाही.

वर्षाली म्हणाली, नऊ नंबरच्या व्यक्तीची परवानगी घेऊन आता नाव सांगते. मी आधीच उठून उभी. नारळ हातात. परवानगी मला विचारलीच नव्हती, पण वाटलं, शहराकडचे लोक असतात घाईत. तिने तुळसाचं नाव घेतलं. मी उभीच. तुळसा खांबाआड बसली होती, ती उठेना. म्हणजे वाडीतून एकटी मी उभी, आणि मी कोणीच नाही.

नाना म्हणाले, हौसा, इलसच आसस उठान, तर तो नारळ देवाक तरी वाडव.

वाढवला. तो सडका निघाला. चांगला पाणीदार म्हणून दिला होता दुकानदाराने.

नकाशा खोटा आहे. कंप्युटरमध्ये पाणी गेलं असणार. खाऱ्या हवेने जातं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

वर्षालीला गाठलं. म्हटलं, माझा नंबर सांग. दुसऱ्याचं सांगू नकोस, माझं मला सांग. तिने चष्मा पुसला. दोनदा पुसला.

सतरा.

बोटाने दाखवलं. म्हणाली, मावशी, हे बघा, सतरापासून तेवीस रेघा निघतात. वाडीत सगळ्यात जास्त लोकांना तुम्हीच सांगितलंत. पण त्यातल्या बावीस तिथल्या तिथे थांबतात. त्या माणसांनी पुढे काही केलं नाही. होडीला फोन केला नाही, शेजाऱ्याला सांगितलं नाही. एक रेघ फक्त पुढे जाते, नऊकडे. आणि नऊपासून अर्ध्या तासात सगळी वाडी हलली.

तोच तो अर्धा तास.

मी म्हटलं, दहापैकी किती खरं, त्यात मला काय मिळालं? ते सांगत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, मी फार चिडले तर तुझी बस चुकेल. सांगितलं. सरासरी दोन. मी म्हटलं, दहा तर मीच घातले होते. ती म्हणाली, ते धरून.

घरी आले. ह्यांना विचारलं, खरं सांगा, वादळाचं तुम्हाला कोणी सांगितलं? मी सहा वाजून पाच मिनिटांनी फोन केला होता. हे म्हणाले होते, बरां. हे फॉर्मात काय म्हणाले? तुळसा.

लग्नाचा नवरा. तिने फोन केला तेव्हा होडी वळवली. मी केला तेव्हा बरां.

का, असं विचारलं तर म्हणाले, तू केलंस तेव्हा माका वाटला, परत साप निघालो. त्याआधीच्या आठवड्यात एकदा साप निघाला सांगून ह्यांना लवकर बोलावलं होतं, ते धरून बसलेत. बाजारात माल पोचवायला माणूस नव्हता म्हणून बोलावलं. पण साप निघू शकला असता. पावसाळा नुकता सरला होता.

१६ फेब्रुवारी

निश्चय. तुळसाशी बोलायचं नाही.

१७ फेब्रुवारी

बोलले नाही. तिला कळलं की नाही कोण जाणे, ती मुळात बोलतच नाही.

२० फेब्रुवारी

फोन आणि भोंगा आला. भोंगा तुळसाच्या माडावर. पण तिच्या घरात प्लग पॉइंट एकच, तिथे फ्रीज. आणि आमच्या ओट्यावर नवा कोरा. म्हणून फोन चार्जिंगला आमच्याकडे असणार. वर्षाली म्हणाली, मावशी, तुमची फार मदत होईल, फक्त बटण दाबून काही बोलू नका.

माझा प्लग. माझी फळी. माझा चुना.

२४ फेब्रुवारी

आज बोलले. फोन घ्यायला आली तेव्हा दार अडवून उभी राहिले.

म्हटलं, तुळसा, त्या दिवशी तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, तूच. म्हटलं, मग तू वाडीला काय सांगितलंस? ती म्हणाली, रेडिओवर सांगल्यानी म्हणान सांगलंय. म्हटलं, रेडिओ? तुझ्या रेडिओत सहा महिने सेल नाहीत. ती म्हणाली, तां वाडीक खंय ठावक आसा.

मी म्हटलं, माझं नाव का नाही घेतलंस? एकदा तरी? हौसाने सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं.

ती थोडा वेळ वायर गुंडाळत बसली. म्हणाली, तुझा नाव घेतला असता, तर एक तरी होडी परत इली असती काय? त्येंच्यात तुझो घोवय होतो.

मी दार सोडलं.

विश्वासघात वेगळा काय असतो? माझी बातमी घेतली, माझं नाव काढून टाकलं, आणि माझाच नवरा वाचवला. आता हिच्यावर ओरडायचं तरी कशावरून? लिहिताना सुद्धा बाजू सापडत नाही.

३ मार्च, शिमगा

देवळासमोर सोंगं आली. नानांच्या रापणीवरची माणसं. शिमग्यात कुणी कुणाची टिंगल करावी, राग धरायचा नाही, अशी रीत आहे. म्हणून मी पुढे बसले होते.

एकाने लुगडं नेसलेलं. डोक्यावर टोपली. आवाज माझा. चांगला काढला होता. सोंग ओरडलं, आज ऊन नाय हां. बाकीच्यांनी झटकन डोक्यावर टॉवेल घेतले. सोंग ओरडलं, हय काय गावाचा नाय, सर्जेकोटाक जावा. बाकीचे तिथेच बसून हवेतली दोरी ओढायला लागले. मग सोंगाने छाती पिटून सांगितलं, वादळ येतां, वादळ येतां. तर सगळे पाय पसरून पडले आणि विड्या ओढायला लागले.

मग दुसरं लुगडं आलं. लहानसं, वाकलेलं. त्याने तोंड न उघडता नुसतं एक बोट वर केलं. सगळे पडत धडपडत धावले.

वाडी हसली. हे हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. मीही हसले. रडले असते तर दिसलं असतं, पुढेच बसले होते.

नाना नंतर जवळ आले. म्हणाले, रागाव नको गो. हौसान नाय म्हटल्यान की टोपली उचलूची, ह्या आमका पयल्यापासून ठावक. तुझ्यासारखो भरवशाचो माणूस वाडीत दुसरो नाय. फक्त उलटो धरूचो.

म्हणून किनाऱ्यावर रोज गर्दी. वीस-तीस वर्षं मी घरोघर जाऊन, घसा फोडून, एकेकीला पत्ता देत होते.

आणि त्या दिवशीही त्यांनी उलटंच धरलं. मी वादळ म्हटलं, ते विड्या ओढत बसले. तुळसा नसती तर.

पुढे लिहीत नाही.

४ मार्च

निश्चय. उद्यापासून खरं सांगायचं. माशाचंही. दहापैकी दहा. मोठ्याने.

५ मार्च, शुक्रवार

पहाटे नानांच्या रापणीत बांगडा भरला होता. एवढा की दोरी हलेना. मी वाडीभर ओरडले, आपल्याकडेच बांगडो आसा, खंय जाव नकात. शपथेवर ओरडले. रुक्मिणी म्हणाली, बरां झाला सांगलंस. आणि रिक्षा करून सर्जेकोटला गेली. तिच्या मागे सगळ्या गेल्या.

तुळसाच्या कुंपणापाशी मात्र ओरडवेना. बोलणं परत बंद होतं. बांगडो आसा, एवढंच म्हटलं, तेही तिच्या अबोलीच्या झाडाला.

किनाऱ्यावर मी एकटी. समोर चमचमणारा ढीग. नाना कपाळाला हात लावून बसलेले, म्हणाले, हौसा, आज खरा कित्या बोललंस गो? आमचो भाव मेलो. जन्मात पहिल्यांदा ढिगाला मी एकटी गिऱ्हाईक. तरी टोपली उतरवावीशी वाटेना.

मागून तुळसा आली. टोपली ठेवली. बसली.

म्हटलं, सगळ्या उलट्या गेल्या, तू कशी इकडे आलीस? ती म्हणाली, तू खोटा बोलतंस तेव्हा वरडतंस. खरा बोलतंस तेव्हा तुझो आवाज बारीक होता. त्या दिशी माझ्या दारात असोच झालेलो.

म्हणजे तीस वर्षं मी तिला जेवढं खोटं सांगितलं तेवढं सगळं तिला कळत होतं. मी म्हटलं, मग मेले, रोज मी सांगेन तिकडे का जायचीस? मला किती दया यायची तुझी.

ती बांगडे निवडत म्हणाली, तू सांगायचंस थय दुसरा कोणच नसायचा. माका होयो तसो माल गावायचो.

सुरमया.

मी वाळूत बसले.  तिने माझी टोपली ओढून घेतली आणि भरायला लागली. चांगले मोठे माझ्या टोपलीत टाकत होती, की बारीक, ते मी बघितलं नाही. पहिल्यांदाच.

दुपारी वर्षालीला पत्र लिहायला बसले. लिहिलं, तुझा नकाशा चुकला आहे. वाडी रोज माझं ऐकत होती. उलटं, पण रोज, आणि सगळी. तेव्हा सतरा नंबर मोठा करावा. फणसाएवढा नको, नारळाएवढा चालेल.

वाचून बघितलं. बरोबर होतं. मग वाटलं, खाली नाव माझं. तीही उलटं धरील.

म्हणून कुंपणाकडे गेले. तुळसा शाळेत कधी गेलीच नाही. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, हळू वाच, म्हणजे खरा वाटात. हळू वाचलं. तिने हातातला मासा खाली ठेवला, लुगड्याला हात पुसले.

अक्षर माझं, अंगठा तिचा. उद्या टाकते.